मेंदीखालचा पाय

कुवेत, १२ जानेवारी १९९७

लल्ला,

रोजे कसे चाललेत ते विचारत नाही, कारण तू खोटंच सांगणार. साखरेचं दुखणं असलेल्या माणसाला रोजाची माफी आहे असं डॉक्टरांनी दहादा बजावलं, तरी तू उपाशी राहणारच. आई गेल्यापासून माझी आईही तूच आणि थोरली बहीणही तूच, म्हणून कुणी तुला दटावूही शकत नाही.

माझं नेहमीचंच. सकाळी दुकानात जायचं, बायकांचे पाय मांडीवर घ्यायचे, नखं कापायची, टाचा घासायच्या, रंग लावायचा. तोंडं मला आठवत नाहीत, पाय आठवतात. परवा एका बाईचा पाय पुसताना हाताला ओळखीचा वाटला. तुझ्यासारखाच, रुंद, करंगळी आत वळलेली. तेव्हा वाटलं, मी सगळ्या कुवेतचे पाय धुतले, पण जिने जन्मभर कारखान्याच्या ओल्या फरशीवर उभं राहून तारली माशांची डोकी उडवली नि मला वाढवलं, तिचा पाय काही मी कधी हातात घेतला नाही.

म्हणून ही पेटी. माझ्यासोबतची एक मुलगी ईदला घरी चाललीय, तिच्याबरोबर देते. नेलकटर, कातडी काढायची चिमटी, घासणी, वज्री, सगळं चांगल्या पोलादाचं. ही फक्त तुझी. कवतरच्या दुकानात जा आणि तिच्याकडून पाय करून घे, पण याच हत्यारांनी. आधी उकळायची. कातडी कापू द्यायची नाही, नुसती घासायची. तुझ्या पायांना कित्येक वर्षं काही लागलेलं कळत नाही. ऑगस्टमध्ये तापलेल्या गच्चीवर अनवाणी फिरतेस नि शेजारणी कौतुक करतात. ते कौतुकाचं नाही, लल्ला.

तुझी बहिजा


साफी, १६ फेब्रुवारी १९९७

बहिजा, माझे शहाणे,

पेटी मिळाली. लाल मखमल बघून मला वाटलं, आत सोनं आहे की काय! तू सांगितलंस म्हणून उकळलीसुद्धा. अंड्यांबरोबरच टाकली, गॅस कशाला दोनदा जाळायचा? अंडी चांगली झाली.

ईदच्या आधी हमामात नेली होती. अगं, काय झुंबड! शेजारच्या हाज्जा रहमाने तर आपली टाच पुढेच केली, म्हणे बघू तुझ्या बहिणीच्या कुवेती वज्रीत काय जादू आहे. आता नाही कसं म्हणू? परदेशातून आलेली वस्तू उराशी धरून बसले असते तर नजर लागली असती, आणि वर बायका म्हणाल्या असत्या, मिलूदाचा हात आखडला. म्हणून मग हाज्जाने घासलं, तिच्या सुनेने नखं काढली, भट्टीवाल्या झुबिदाने तिचं जुनं कुरूप कोरून काढलं. बिचारीला किती आराम पडला म्हणून सांगू! प्रत्येकीला तुझ्या नावाने दुवा द्यायला लावली. एवढ्या दुवा तुला उभ्या जन्मात मिळाल्या नसतील.

मग ईद झाल्यावर कुंभारांच्या चढावर कवतरच्या दुकानी गेले. पोरीने दुकान छान मांडलंय, दोन आरसे, एक पंखा. मला खुर्चीत बसवलं, पाय कोमट पाण्यात, हातात चहा. मी म्हटलं, बाई गं, राणी झाले. अंगठ्याच्या कडेची कातडी काढताना चिमटी जरा खोल गेली म्हणे. मला काय कळतंय! मी चहाच पीत होते, कवतर किंचाळली तेव्हा खाली बघितलं तर पाणी लाल. पोरगी पांढरीफटक पडली. मी म्हटलं, अगं, तारल्यांच्या काट्यांनी आणि डब्यांच्या पत्र्यांनी माझं याहून जास्त रक्त काढलंय. हाज्जा रहमा शेजारीच बसली होती, तिने मक्केहून आणलेली मेंदी भिजवून अंगठ्यावर लिंपली. मग एकाच अंगठ्याला कशाला म्हणून दोन्ही पाय रंगवले, पार घोट्यापर्यंत. रंग असा चढलाय की काळपटच! म्हातारपणी नवरी झालेय. तू असतीस तर हसून हसून मेली असतीस.

तुझी मिलूदा


कुवेत, ३ मार्च १९९७

लल्ला,

पत्र दोनदा वाचलं. हसू आलं नाही.

ती पेटी एकीच्या टाचेवरून दुसरीच्या कुरुपात आणि तिथून तुझ्या अंगठ्यात गेली. तू दुवा गोळा केल्यास, त्यांच्याबरोबर आणखी काय काय गोळा झालं ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या दुकानात एका बाईचा पाय झाला की सगळी हत्यारं जंतू मारायच्या भट्टीत जातात, तास होईपर्यंत हात लावायचा नाही. मालकीण काही फार चांगली बाई नाही, पण एवढं पाळते. साखरेचं दुखणं असलेली बाई आली तर मला सोडून कुणाच्या हातात देत नाही, आणि मी तिच्या अंगाला धार लावत नाही. कारण त्यांना लागलेलं कळत नाही, नि लागलेलं भरत नाही.

मेंदी लगेच धू. धुतलीस तरी रंग जायचा नाही, तीच मला भीती आहे. काळपट रंगाखाली लाली दिसत नाही. खाली काळं पडत गेलं तरी सगळ्यांना मेंदीच वाटेल. म्हणून रंगावर जाऊ नकोस. हाताची पाठ लावून बघ, अंगठा बाकीच्या पायापेक्षा गरम लागतो का. दोन्ही पाय शेजारी ठेव, एक जाड दिसतो का. बोटांच्या फटीत बोट घाल, ओलं लागतं का. वास घे. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलात जा. पुन्हा मेंदी लावू नकोस, कुणीही मक्केहून आणलेली असली तरी.

आणि दुखत नाही असं मला लिहू नकोस. तुला दुखतच नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

बहिजा


साफी, २० मार्च १९९७

बहिजा,

तुझं पत्र म्हणजे कारखान्यातल्या मुकादमाचं फर्मान! हे कर, ते हुंग, बोट घाल. तुझ्या मालकिणीने तुला पार बिघडवलं. मी तुझी बहीण आहे गं, गिऱ्हाईक नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी बघितलं. गरम म्हणशील तर मी आख्खीच गरम आहे, चार दिवस हुडहुडी भरतेय. समुद्रावरचं वारं सुटलंय, अर्धी गल्ली खोकतेय. उजवी चप्पल आवळते, म्हणून मागची पट्टी दुमडून टाकली. वासाचं विचारतेस? साफीत बसून वासाचं विचारतेस? जन्म तारल्यांत गेला, माझ्या नाकाला आता गुलाबपाणीसुद्धा तारलीच वाटतं. हाज्जा रहमाला विचारलं, तर ती म्हणाली बंदरावरून येतोय. मांजर मात्र हल्ली सारखं माझ्या उजव्या पायाशी येऊन बसतं, चाटतं. तुझ्या वेळचं ते भुरं मांजर, म्हातारं झालं, त्यालाही माया फुटली.

मेंदी फिकट पडली होती, म्हणून हाज्जाने पुन्हा लावली. कशी नको म्हणू? ती बाई गुडघे धरत जिना चढून येते, माझा पाय मांडीवर घेते, दुवा म्हणते. रंग तर काय सुरेख धरलाय, अंगठ्यावर सगळ्यात गडद.

तू जेवतेस का नीट? फोटो पाठव.

मिलूदा


कुवेत, ४ एप्रिल १९९७

लल्ला,

अंगठ्यावर सगळ्यात गडद, आणि मांजर चाटतं. एवढं वाचून मी उठले आणि हात धुतले. का धुतले ते कळलं नाही. मग पुढच्या बाईचा पाय घेतला.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात दोनदा फोन केला. निरोप दिला म्हणतात, तू आली नाहीस. आली नाहीस की चालता आलं नाही?

हॉस्पिटलात जा. हे पत्र खाली ठेव आणि जा. हाज्जाला वाईट वाटलं तर वाटू दे.

कवतरला सांग, मी तिला तुझ्याच स्वयंपाकघरात बसवून हे काम शिकवलं. उकळ, उकळ म्हणून घसा कोरडा केला होता. आरसे आणि पंखा आणायला जमलं आणि पाणी उकळायला जमलं नाही? तिचं नाव मला पत्रात नको.

मालकिणीकडे रजा मागितली. करार ऑगस्टअखेर संपतो, त्याआधी पासपोर्ट मिळणार नाही म्हणाली. मी बरं म्हटलं. रडले नाही, भांडले नाही, बरं म्हटलं आणि टॉवेल घड्या करायला गेले. माझं मलाच नवल वाटलं.

बहिजा


साफी, २७ एप्रिल १९९७

बहिजा,

चष्मा फुटलाय, म्हणून सांगते आहे आणि कवतर लिहिते आहे. अक्षर बघून घाबरू नकोस. तू तिचं नाव नको म्हणालीस, पण मला दुसरं कोण आहे इथे?

मी हॉस्पिटलात जाऊन आले. तू म्हणालीस म्हणून गेले. डॉक्टर चांगला आहे, तरुण आहे, फक्त दाढी करत नाही. औषध दिलंय, सुया टोचतात, आराम आहे. बकरी ईदचं मटण झुबिदाने आणून दिलं, मऊ होतं. तू काळजी करू नकोस, तुझ्या कामावर लक्ष दे. ऑगस्ट म्हणजे काय, आलाच. आलीस की आपण समुद्रावर जाऊ.

तुझी बहीण मिलूदा

लल्ला बहिजा (तूही मला थोरली बहीणच), आता त्या झोपल्यात, म्हणून खाली मी माझं लिहिते. माफ कर.

चष्मा फुटलेला नाही. त्यांना लेखणी धरवत नाही. आम्ही हॉस्पिटलातून आलेलो नाही, हॉस्पिटलातच आहोत. बकरी ईदच्या आधीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या पलंगावर बसून कुणाशी तरी बोलत होत्या, पण खोलीत कुणी नव्हतं. ताप होता. मी पायावरचं फडकं काढलं. इथे मेंदी खरवडून खरवडून धुतली, तर खाली मेंदी नव्हतीच, ते मांसच होतं. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. आता काळं पावलावर चढतंय. डॉक्टर म्हणतो, पाय पोटरीच्या मध्यावरून कापायला द्या, नाहीतर बाई जाईल. त्या म्हणतात, बहिणीला विचारल्याशिवाय देत नाही. आणि तुला विचारतही नाहीत.

तू माझ्यावर रागावलीस ते बरोबरच आहे, चिमटी माझ्याच हातात होती. पण एवढं ऐक. मी स्टोव्हवर पाणी ठेवलं होतं. लल्ला मिलूदांनी भांडं उतरवायला लावलं. म्हणाल्या, माझीच वस्तू, माझाच पाय, उकळतेस काय, मी काय परकी आहे? सगळ्या बायका बघत होत्या. त्यांच्यासमोर भांडं परत ठेवणं म्हणजे त्यांना घाणेरडी म्हणण्यासारखं झालं असतं. मला जमलं नाही. तू असतीस तर ठेवलं असतंस.

दुकान बंद केलंय, दिवसभर इथेच असते. हॉस्पिटलच्या फाटकासमोर टेलिफोनचं दुकान आहे, नंबर खाली लिहिलाय. पत्र मिळताच फोन कर. मी त्यांना ढकलखुर्चीवरून आणीन. लवकर कर.

कवतर


कुवेत, ११ मे १९९७

लल्ला,

फोन तुटला तेव्हा मी काहीतरी बोलत होते. काय ते आता आठवत नाही, म्हणून लिहिते.

तू म्हणालीस, "बहिजा, मागतायत. देऊ का?" दारात साखर मागायला शेजारीण यावी, तसं. मी म्हटलं, "दे." तू म्हणालीस, "बरं." मग खरखर आणि मग काहीच नाही. परत लावला तर लागला नाही. खुर्चीत एक बाई बसली होती, लग्नाला जायचं होतं तिला, पाय पाण्यात घालून. मी तिचा उजवा पाय उचलला. सगळं नीट केलं. कडा घासल्या, रंगाचे दोन हात दिले. जाताना खूश झाली.

काल कवतरचा निरोप मिळाला, झालं आणि तू शुद्धीवर आलीस. मी बरं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते. जेवते, झोपते, उठते. मला वाटलं होतं आकाश कोसळेल, पण तसलं काही झालं नाही. तुझ्या पायाला जसं लागलेलं कळत नव्हतं, तसं झालंय बघ माझं. मीही मला चिमटे काढून बघते.

पेटी मी पाठवली. तू पाय करून घे असं मीच लिहिलं. तू आयुष्यभर त्या पायाने चाललीस, कारखान्यात गेलीस, मला कडेवर घेऊन हमामात नेलंस, आणि त्याला कधी काही झालं नाही. मी प्रेमाने हात लावायला गेले आणि तो गेला. हे मी रोज स्वतःला सांगते, तरी डोळ्यांत पाणी येत नाही. तुझं येतं का?

कवतरला सांग, तिचं नाव पत्रात चालेल.

बहिजा


साफी, १५ जून १९९७

बाळ,

हे माझं अक्षर. वाकडं आहे, पण माझं आहे.

आधी तुझ्या पत्राचं. पेटी तू पाठवलीस, हमामात मी वाटली, भांडं मी उतरवलं, चिमटी कवतरने लावली, मेंदी हाज्जाने लिंपली. सगळ्याजणींनी मायाच केली. आता कुणाला धरून झोडायचं? हाज्जा रोज येते आणि दारातच बसते, आत येत नाही. काल मी ओरडले तिच्यावर, म्हटलं, आत ये गं बाई, मला काही दुसरा पाय तुला द्यायचा नाहीये. तेव्हा हसली आणि मग बराच वेळ रडली. मला नाही रडू येत. विचारलंस म्हणून सांगते. वाटतं, कुणा दुसरीचंच झालंय हे, आणि मी भेटायला आलेय.

पण एक गंमत ऐक. गंमत म्हणू की काय म्हणू, ते तूच ठरव. जो पाय कैक वर्षं मेला होता, तो आता नाही, तर आता त्याला कळायला लागलंय. खरं सांगते. पहाटे अंगठा ठणकतो, तोच अंगठा. कधी करंगळीला खाज सुटते. एकदा तर ओली फरशी लागली, गार, कारखान्यातली, मिठाच्या पाण्याने चुरचुरणारी. मी हात खाली नेला तर पांघरूण सपाट. डॉक्टर म्हणाला, होतं असं. मी म्हटलं, डॉक्टर, याला आधी काय झालं होतं? तो मान खाली घालून कागद चाळत बसला.

कवतरने दुकान उघडलंय. स्टोव्हवर आता दिवसभर पाणी उकळत असतं, बायका कुरकुरतात, आम्ही काय परक्या आहोत का म्हणतात. ती नुसती माझ्या घराकडे बघते. मग पाय पुढे करतात. तुझी पेटी तिने आणून दिली होती, मी नको म्हटलं. मखमल तेवढी ठेवली, शिवणाच्या सुया टोचायला.

शुक्रवारी ती माझ्याकडे येते. डावा पाय धुते, कोरडा करते, फटीसुद्धा. कातडीला हात लावत नाही. रोज सकाळी मी मात्र स्वतःच बघते. आईचा तो हातातला आरसा आहे ना, ज्यात तू लहानपणी दात बघायचीस, तो तळव्याखाली धरते. भेगा बघते, बोटांच्या मधलं बघते. कधी इतकं निरखून तोंडही बघितलं नव्हतं. आज टाचेपाशी तांबूस ठिपका दिसला. हात लावला तर काही कळलं नाही. मग कवतरला हाक मारली. तिने ओल्या कपड्याने पुसला, तर गाजर होतं, खिसताना पडलेलं. दोघी हसलो. हसताना माझे दात वाजत होते, ते तिने बघितलं.

ऑगस्ट संपला की तू येशील. येताना काही आणू नकोस, मखमल नको, पोलाद नको. समुद्रावर जाऊ म्हटलं होतं, ते आता बघू. गल्लीतल्या बायका तुझ्या स्वागताला मेंदी भिजवून बसतील, हाज्जा तर सगळ्यात पुढे असेल. तुझ्या हातांना लावून घे. तू जमिनीवर बस, नि माझा हा पाय मांडीवर घे, तुझ्या त्या बायकांचा घेतेस तसा. सावकाश धू. बघ नीट.

त्याला मेंदी मात्र लावू नकोस. मला तो कळत नाही गं, बहिजा. निदान दिसू दे.

तुझी
मिलूदा